फायबरच्या टपातला ढिला स्क्रू

गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही छोटी मोटार आठवते? तिची बॉडी फायबरग्लासची होती. अमरावती-अकोल्यात ती दिसणं विरळच. पण जीपवर फायबरचा टप असतो, त्यातला स्क्रू नुसता फिरायला लागतो. हादऱ्यांनी ठिसूळ रेझीनमधले आटे चुरा होऊन गळतात. जाडा स्क्रू दामटू नका, तडा जाईल.

भोक घासून, पुसून कोरडं करा. मागून टेप लावा. इपॉक्सीत काचतंतूंचे बारीक तुकडे कालवून ठासा. पॉलिएस्टर रेझीन स्वस्त खरं, पण जुन्या थराला इपॉक्सीच घट्ट धरतं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात मात्र थोडंथोडंच कालवा, नाहीतर भांड्यातच दगड! २४ तासांनी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा. घासताना मास्क हवाच. भार जास्त असेल, तर मागे रुंद वायसर देऊन सरळ नट-बोल्ट बसवा.