एकवीस दिवसांची जबाबदारी : घरगुती उबवणी यंत्र आणि परसातील कुक्कुटपालन

(वाराणसी येथे शिंदे घाटाच्या परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपण ज्या शिंदे घाटाच्या परिसरात जमलो आहोत, तो घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. बांधकाम इतके भारी झाले की काठच्या जमिनीला त्याचा भार पेलवला नाही आणि घाट खचला. त्याची पुन्हा उभारणी पुढे करावी लागली. शेजारचे रत्नेश्वर मंदिर आजही एका बाजूस कललेले आपण पाहतो. विकासाच्या योजनांचा अभ्यास करताना हे दृश्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. वरचे काम डोळ्यांत भरते. भार मात्र पायाला सोसावा लागतो.

आजचा विषय वरकरणी फार लहान आहे. पन्नास-साठ अंडी मावतील अशी एक पेटी, तिच्यात उष्णता देणारा दिवा किंवा तार, एक पंखा, एक तापमापक आणि पाण्याचे ताटले. यालाच घरगुती उबवणी यंत्र म्हणतात. ग्रामीण कुटुंबाच्या उत्पन्नात या पेटीचे स्थान कोणते आणि तिचा पाया कोणता, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कोंबडीचे काम यंत्राकडे

अंडी कृत्रिमरीत्या उबवणे ही नवी कल्पना नाही. प्राचीन इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत अंडी उबविली जात. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर यांनी १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तापमापकाच्या साहाय्याने उष्णता राखण्याचे महत्त्व दाखवून दिले. मात्र या सर्वांची गुरू खुडूक कोंबडीच होय.

गावठी कोंबडी वर्षातून तीन-चार वेळा अंड्यांवर येते. काही अंडी घातल्यावर तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, ती खुडूक होते आणि अंडी घालणे थांबविते. दहा-बारा अंड्यांवर ती एकवीस दिवस रवणीला बसते. ती अंड्यांना ऊब देते, दिवसातून अनेकदा चोचीने अंडी फिरवते, दाणापाण्यासाठी थोडा वेळ उठते आणि पुन्हा बसते. पिल्ले निघाल्यावर ती कित्येक आठवडे त्यांना सांभाळते. या सर्व काळात तिच्याकडून एकही अंडे मिळत नाही. हे काम यंत्राने उचलले, तर कोंबडी लवकर पुन्हा अंड्यांवर येऊ शकते. यंत्राचा खरा आर्थिक लाभ येथे आहे.

चार अटी

यंत्राला चार गोष्टी सांभाळाव्या लागतात : तापमान, आर्द्रता, हवा आणि अंडी फिरविणे.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. पंखा नसेल तर वरची हवा अधिक तापते, म्हणून अंड्यांच्या वरच्या पातळीवर सुमारे ३८.५ अंश ठेवतात. आर्द्रता पहिले अठरा दिवस ५५ ते ६० टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के असावी. भ्रूण कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून श्वसन करतो, म्हणून पेटीला हवेची भोके हवीत. ऊब टिकावी म्हणून ती बुजविणे चुकीचे आहे. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावी लागतात, अन्यथा भ्रूण कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटतो. अठराव्या दिवसानंतर मात्र अंडी फिरवू नयेत. पिल्लू तेव्हा बाहेर येण्याच्या स्थितीत वळलेले असते.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडे धरले, तर रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. जी अंडी स्वच्छ दिसतात ती फलित नसतात. ती बाजूला काढावीत. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यापारी फार्ममधून दुकानात येणारी खाण्याची अंडी सहसा फलित नसतात, कारण त्या फार्मवर कोंबडा ठेवलेला नसतो. यंत्र कितीही उत्तम असले तरी अशा अंड्यातून पिल्लू निघणार नाही. साधारणतः दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असावा.

वीज गेली तर काय? झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाकावी. गरज पडल्यास गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. भ्रूण काही काळ गारवा सोसू शकतो. अतिरिक्त उष्णता मात्र त्याला लवकर मारते. घाबरून तापमान वाढवून ठेवणे हा सर्वांत महागडा उपाय ठरतो.

एका गावातील अनुभव

माझ्या सेवेच्या सुरुवातीच्या काळातील ही गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यातील एका गावात महिलांच्या बचत गटाने कर्ज काढून असे यंत्र घेतले. वर सांगितलेल्या चारही अटी मी त्यांना शिकविल्या. वहीत तापमानाची नोंद होत होती, अंडी वेळेवर फिरविली जात होती. एकविसाव्या दिवशी साठ अंड्यांतून सात पिल्ले निघाली. न उमललेली अंडी फोडून पाहिली, तेव्हा पुष्कळ अंड्यांत रक्ताचे लहानसे कडे दिसले. भ्रूण पहिल्या काही दिवसांतच मेले होते.

त्याच गल्लीतील एका आजींच्या कोंबडीने बारा अंड्यांतून दहा पिल्ले काढली होती. त्यांनी मला विचारले, "साहेब, ही अंडी पेटीत घालायच्या आधी कुठं ठेवली होती?" तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. एप्रिल महिना होता आणि साठ अंडी जमेपर्यंत दहा-बारा दिवस ती पत्र्याच्या खोलीत पडून होती.

याचे शास्त्र असे आहे. कोंबडी अंडे घालते तेव्हाच फलित अंड्यात पेशींचे विभाजन सुरू झालेले असते. अंडे थंड झाल्यावर ते थांबते. साधारणतः २० ते २१ अंशांच्या वर ही वाढ पुन्हा मंदपणे सुरू होते, परंतु पुरेशी ऊब नसल्याने भ्रूण दुबळा होऊन मरतो. म्हणून अंडी १५ ते १८ अंशांत, रुंद टोक वर करून ठेवावीत आणि आठवड्याच्या आत उबवणीस घालावीत. यंत्रातील एकवीस दिवस आम्ही सांभाळले. त्याआधीचे दहा दिवस मात्र आमच्या हिशेबातच नव्हते.

दुसऱ्या वेळी महिलांनी अंडी माजघरात, पाण्याच्या माठाजवळ ओल्या वाळूवर टोपलीत ठेवली. पाच दिवसांहून जुने अंडे घेतले नाही. साठपैकी ४८ अंडी फलित निघाली आणि ३६ पिल्ले बाहेर आली. आपल्या परीक्षेच्या दृष्टीने यातील भेद लक्षात घ्या : फलन-प्रमाण ८० टक्के, फलित अंड्यांवरील उबवण-क्षमता ७५ टक्के, तर एकूण अंड्यांवरील ६० टक्के. आकडा कोणत्या पायावर काढला आहे हे न विचारता कोणत्याही योजनेचे यश मोजू नये.

पहिल्या तुकडीच्या काळातील कर्जाचे हप्ते मात्र त्या महिलांनी शेतमजुरीच्या पैशांतून भरले. माझ्या एका न विचारलेल्या प्रश्नाची ती किंमत होती.

पिल्ले कोणाची, रोग कोणता

वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराजा यांसारखे सुधारित पक्षी परसातील पालनासाठी विकसित झाले. बरेली जिल्ह्यातील इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असील आणि कडकनाथ यांच्या संकरातून अनुक्रमे कारी-निर्भीक आणि कारी-श्यामा हे पक्षी दिले. अधिक अंड्यांसाठी निवड करताना खुडूकपणा बराच कमी होतो. त्यामुळे अशा पक्ष्यांची अंडी यंत्रात किंवा गावठी कोंबडीखालीच उबवावी लागतात. तथापि संकरित पक्ष्यांच्या पुढील पिढीत मूळचे गुण एकसारखे टिकत नाहीत. म्हणून अशी पिल्ले प्रत्येक वेळी अधिकृत केंद्रातून घेणे इष्ट होय. महाराष्ट्रात पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. घरगुती यंत्र प्रामुख्याने गावठी जातींसाठी उपयुक्त ठरते.

बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस तगू शकते. एक दिवसाची पिल्ले दूरवर पाठविता येतात ती यामुळेच. त्यानंतर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब आणि वेळेवर रानीखेत रोगाची लस आवश्यक असते. रोग यंत्राबरोबरही येऊ शकतो. पुलोरम हा रोग कोंबडीकडून अंड्यातून पिल्लात उतरतो आणि बंद पेटीत झपाट्याने पसरतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पाळीव कोंबड्यांत बर्ड फ्लूची पहिली नोंद झाली. कोठून आलेली अंडी आणि कोणाचे पक्षी एकत्र आणावयाचे, हा त्यामुळे सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे.

धोरणातील जागा

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५.१८ कोटी कुक्कुट पक्षी होते. त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील होते आणि आधीच्या गणनेच्या तुलनेत त्यांत सुमारे ४६ टक्के वाढ झाली होती. व्यापारी क्षेत्रातील वाढ साडेचार टक्के होती. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१ मध्ये फेररचना झाली. त्यात ग्रामीण कुक्कुटपालनाच्या उद्योजकांना पैदास पक्षी, उबवणी केंद्र आणि पिल्ले वाढविण्याचे केंद्र यांसाठी ५० टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान ठेवण्यात आले. हे अनुदान किमान एक हजार पैदास पक्ष्यांच्या उद्योगासाठी आहे. पन्नास अंड्यांची पेटी त्या चौकटीत बसत नाही, आणि बसावी असेही नाही. तिला अनुदानापेक्षा अधिक गरज आहे ती गावात लस घेऊन वेळेवर पोहोचणाऱ्या कर्मचाऱ्याची, भरवशाच्या विजेची आणि फलित अंडी कशी निवडावी व ठेवावी हे शिकविणाऱ्या माणसाची.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. एखाद्या वर्षी तुमच्यासमोर यंत्रवाटपाची यादी येईल आणि किती यंत्रे वाटली हे लिहिण्यासाठी त्यात एक रकाना असेल. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना तुम्ही स्वतः आखा : किती पिल्ले निघाली, आणि त्यांतील किती दोन महिन्यांनंतर जिवंत होती. तो भरण्यासाठी तुम्हाला गावात जावे लागेल. तेथे गेल्यावर पेटी पाहण्यापूर्वी, अंडी कोठे ठेवली होती, हे आवर्जून विचारा.