स्टेरॉइडचा कासरा कुणाच्या हाती?

(महासंघाच्या मासिक सभेत आरोग्य विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोलेस्टेरॉल म्हटलं की आपल्याला तूप, तेल आणि हार्ट अटॅक आठवतो. रक्तात ते फार वाढलं तर धोका आहेच. पण शरीराला ते लागतंही, म्हणून आपलं लिव्हर ते रोज तयार करतं. त्याच्यापासून पुढं बऱ्याच गोष्टी बनतात. पाळीचं चक्र चालवणारं इस्ट्रोजेन त्यातूनच बनतं. अंगावर ऊन पडल्यावर कातडीत तयार होणारं ड जीवनसत्त्वही त्याच कुळातलं. आणि तिसरं म्हणजे कॉर्टिसॉल. आज बोलायचंय ते या कॉर्टिसॉलबद्दल.

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. रोगजंतूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावून आलेल्या असतात. ही आपली प्रतिकारशक्ती. पण बैल कितीही गुणी असला तरी कासरा लागतोच, नाहीतर तो आपलंच पीक तुडवतो. प्रतिकारशक्तीचा हा कासरा म्हणजे कॉर्टिसॉल. दोन्ही किडन्यांच्या वर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या कोलेस्टेरॉलपासून ते बनवतात. सूज वाढवा असे जे निरोप पेशी एकमेकींना देतात, ते कॉर्टिसॉल कमी करतं.

याच पदार्थापासून औषध निघालं. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सांधेवातानं जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला त्याचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती चालायला लागली. १९५० साली या शोधाला नोबेल पारितोषिक मिळालं. त्या औषधाच्या घराण्याला आपण स्टेरॉइड म्हणतो. पण लवकरच दुसरी बाजूही दिसली. कासरा फार ओढला तर बैल जागेवरून हलत नाही. सूज जाते, पण जंतूंशी लढणारंही कुणी उरत नाही.

हे आपण कोरोनात बघितलं. २०२० साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यानं मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा झाला नाही. तरीही २०२१ च्या लाटेत कित्येकांनी ते घरीच, जास्त दिवस घेतलं. आधीच शुगर वाढलेली, त्यात स्टेरॉइडनं ती आणखी वाढली आणि प्रतिकारशक्ती दबली. अशा शरीरात म्युकरमायकोसिसची बुरशी शिरली. आपल्या घाटी रुग्णालयातही तिचे रुग्ण दाखल होते. जीव वाचवायला काहींचा डोळा, काहींचा जबडा काढावा लागला. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना सांगितलं, की या आजाराच्या प्रत्येक रुग्णाची नोंद झालीच पाहिजे.

आता म्हणाल, कोरोना गेला, आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या घरातल्या फडताळात बघा.

पहिली गोष्ट, गजकर्णाची ट्यूब. मेडिकलवाल्याला खाज सांगितली की तो एक ट्यूब देतो. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते. पण बुरशी मेलेली नसते, आपला राखणदारच झोपलेला असतो. ट्यूब थांबली की चट्टा दुप्पट होऊन परत येतो. मग दुसरी ट्यूब, मग घरातल्या लेकरांनाही. हीच ट्यूब कुणी गोरं होण्यासाठी तोंडाला लावते. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ पडते, उन्हात आग होते, पुरळ येतात, लव वाढते. २०१८ साली केंद्र सरकारनं १४ प्रकारच्या स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची बंदी केली, ती याचसाठी.

दुसरी गोष्ट, गुडघेदुखीची पुडी. कापूस वेचून कंबर, गुडघे धरतात हे खरंच आहे. पण नाव नसलेल्या खुल्या गोळ्या, 'जडीबुटी' म्हणून विकलेली पावडर घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी पळायला लागलात, तर शंका घ्या. अशा काही पुड्यांत तपासणीत स्टेरॉइड सापडलेलं आहे. जास्त दिवस घेतलं तर तोंड सुजल्यासारखं गोल होतं, शुगर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, दबलेला टीबी वर येऊ शकतो.

पण ताईंनो, घाबरून एकदम बंद करू नका. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीरातल्या त्या ग्रंथी कामच सोडतात. अचानक थांबवलं तर उलट्या, चक्कर, बीपी उतरणं, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. शिवाय काही वेळा स्टेरॉइड लागतंच. दम्याचा पंप बऱ्याचदा त्याचाच असतो, तो सोडू नका. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला जे इंजेक्शन देतात, तेही स्टेरॉइडच. डॉक्टरच्या हातात कासरा असेल तर ते जीव वाचवतं.

मग गटानं काय करायचं? पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली ट्यूब आणि गोळ्यांचं पाकीट आणायचं. त्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं नाव आहे का, लिहिता-वाचता येणाऱ्या ताईनं वाचून दाखवायचं. सापडलं आणि डॉक्टरची चिठ्ठी नसेल, तर आशाताईला सोबत घेऊन आरोग्य केंद्रात दाखवायचं. गजकर्ण असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकदम तपासून घ्यायचं, टॉवेल वेगळे ठेवायचे, कपडे कडक उन्हात वाळवायचे, आणि खाज थांबली तरी सांगितलेले दिवस औषध पुरं करायचं.

दर महिन्याला ट्यूब आणि पुड्यांवर जाणारा पैसा आपल्या बचतीतलाच असतो. पुढच्या वेळी दुकानात एवढं विचाराच: "भाऊ, यात स्टेरॉइड आहे का?" उत्तर नीट मिळालं नाही, तर पिशवी तशीच ठेवा आणि दवाखान्याची वाट धरा.