नकलेशी इमान
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेले व्याख्यान)



उज्जयिनीत ग्रंथांची नक्कल करण्याची परंपरा छापखान्याहून कितीतरी जुनी आहे. १९३१ साली सुरू झालेल्या येथील सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत हजारो हस्तलिखिते जतन केलेली आहेत. त्यांतील बहुतेक पोथ्या कोणा ना कोणा लेखनिकाने केलेल्या नकला होत. जसे मूळ दिसले तसे लिहिले, चूक राहिली असल्यास दोष देऊ नये, अशा अर्थाचे निवेदन पोथीच्या शेवटी करण्याची लेखनिकांची रीत होती. त्या निवेदनात विनय आहे, तसाच वाचकाला इशाराही आहे. हाती आहे ती नक्कल आहे; ती मुळाशी ताडून पाहावी, असा तो इशारा.

या इशाऱ्याचे आज स्मरण करण्यास निमित्त झाले आहे ते ई-इंकच्या वाचनपाटीचे. उज्जैनच्या अभ्यासकाला पुण्यामुंबईचा एखादा प्रबंध हवा असला, तर पूर्वी प्रवास करावा लागे, नाहीतर टपालाची वाट पाहावी लागे. आता ‘शोधगंगे’वरील प्रबंध किंवा मराठी विश्वकोशातील नोंद आंतरजालावरून घरबसल्या मिळते. तथापि संगणकाच्या झगझगीत पडद्यावर पन्नास पाने सलग वाचणे डोळ्यांना जड जाते आणि चित्तही स्थिर राहत नाही. म्हणून अनेक वाचक असे लेखन वाचनपाटीवर पाठवून सावकाश वाचतात.

या पाटीची रचना कुतूहलजनक आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधनातून १९९७ साली ‘ई इंक’ कंपनी निघाली. पडद्यावर अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत परस्परविरुद्ध विद्युत्भाराचे काळे व पांढरे कण तरंगत असतात. विजेच्या प्रभावाने कधी काळे कण वर येतात, कधी पांढरे, आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकण्यासाठी वीज लागत नाही. ती पान बदलताना लागते. कागदाप्रमाणेच हे अक्षर बाहेरच्या प्रकाशात वाचता येते. २००७ साली ॲमेझॉनचे ‘किंडल’ आले आणि ही पाटी सामान्य वाचकाच्या हाती पोहोचली.

पाटीवर लेख पाठविणे अवघड नाही. किंडलसारख्या पाटीला स्वतःचा ई-पत्ता असतो, त्यावर धारिका धाडली की ती पाटीवर उतरते. किंवा तारेने संगणकाला जोडून ती उतरविता येते. अडचण पुढे आहे. शोधनिबंध बहुधा पीडीएफ स्वरूपात असतो आणि त्याचे पान ए-फोर आकाराचे, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद असते. सहा इंची पाटीची रुंदी सुमारे ९० मिलिमीटर. साहजिकच अकरा पॉइंटांचे अक्षर पाच पॉइंटांहूनही बारीक होते. दहा इंची पाटीवर पान सुमारे तीनचतुर्थांश आकारात दिसते आणि वाचता येते. परंतु ती पाटी महाग असते. मग लहान पाटीचा वाचक मजकूर पुनर्रचित करून घेतो. किंडलला ई-पत्राने पीडीएफ धाडताना विषयाच्या जागी ‘कन्व्हर्ट’ हा इंग्रजी शब्द लिहिला, की यंत्र पान मोडते, मजकूर मोकळा करते आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. ज्येष्ठ वाचकांना ही सोय वरदानासारखी वाटते.

येथेच नव्या लेखनिकाचे काम सुरू होते. तो यंत्ररूप असून शेवटी कोणतेही निवेदन लिहीत नाही. त्याच्या चुकांची उदाहरणे शोधण्यास उज्जैनबाहेर जावयास नको. सवाई जयसिंगांच्या येथील वेधशाळेचा जीर्णोद्धार गोविंद सदाशिव आपटे यांच्या प्रयत्नाने आणि माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९२३ साली झाला. १९४२ पासून तेथून ग्रहस्थितीचे पंचांग प्रसिद्ध होत आले आहे. असे कोष्टक पुनर्रचित झाले, तर मंगळाच्या स्तंभातील अंक बुधाखाली जाऊ शकतो आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरे उदाहरण विष्णु श्रीधर वाकणकर यांचे. त्यांनी १९५७ साली भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आणली. त्यांवरील निबंध कृष्णधवल पाटीवर वाचला, तर गेरूचा लाल रंग राखाडी होतो आणि रंगांवर आधारलेला युक्तिवादच निराधार होतो. रंगीत पाट्या आता मिळतात, परंतु त्यांवरील रंग फिकट असतात.

तिसरी हानी मराठीची स्वतःची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावरील मराठी मजकूर अशा टंकांत जुळविला जाई, की रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. असा निबंध पीडीएफमध्ये सुरेख दिसतो; पुनर्रचित केला की रोमन चिन्हांचा कचरा हाती येतो. युनिकोडातील मजकुरातही पीडीएफमधून बाहेर पडताना ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि जोडाक्षरे फुटतात. नुसती छायाचित्रे असलेल्या जुन्या पुस्तकांत तर यंत्राच्या दृष्टीने अक्षरेच नसतात. किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन २०१६ च्या डिसेंबरात उघडले. म्हणजे पाटीला मराठी येते, उणीव मराठी धारिकांत आहे. ती ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. निबंधातील एक ओळ उचलून दुसरीकडे डकवावी. अक्षरे शुद्ध उतरली, तर पुनर्रचना करावी; न उतरली, तर पान आहे तसेच, पाटी आडवी धरून वाचावे.

आंतरजालावरील लेखांची गोष्ट आणखी नाजूक आहे. असे लेख साठवून पुढे वाचण्यासाठी असंख्य लोक ‘पॉकेट’ ही सेवा वापरीत. कोबो पाट्यांवरही ती होती. ८ जुलै २०२५ रोजी ती बंद झाली. ज्यांनी आपल्या याद्या वेळीच उतरवून घेतल्या नाहीत, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या टाचणांचे कपाट अखेर कुलूपबंद झाले. ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीचे मोल अशा वेळी कळते. लेख पाटीवर पाठविताना लेखकाचे नाव, वर्ष, संकेतस्थळाचा पत्ता आणि उतरविल्याची तारीख नोंदवावी आणि धारिकेची प्रत स्वतःच्या संगणकात ठेवावी. उतारा उद्धृत करण्यापूर्वी मूळ पान उघडून ताडून पाहावे.

शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या ग्रंथालयापुढे या सर्वांतून एक कर्तव्य उभे राहते. जुन्या ग्रंथांची छायाचित्रे घेणे हे निम्मे काम झाले. त्यांबरोबर मुद्रिते तपासलेला युनिकोड मजकूर असला पाहिजे, आणि शेवटी तो कोणत्या आवृत्तीवरून घेतला व कोणी तपासला याची नोंद असली पाहिजे. माळव्यातील मराठी घरांत मराठी वाचणारी मुले कमी होत आहेत. त्यांतील एखाद्याने उद्या पणजोबांच्या काळातील ग्रंथ पाटीवर मागविला आणि त्याला अक्षरांचा कचरा मिळाला, तर तो दुसऱ्यांदा मागणार नाही. शुद्ध नक्कल मिळाली, तर कदाचित तो मूळ ग्रंथ पाहावयास याच ग्रंथालयाची पायरी चढेल.