जहाजासकट नेलेलं स्वातंत्र्य

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक झालेला माणूस. दिवसा गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. इतिहासाचा प्राध्यापक नाही. मला सांगितलं, अमेरिकेच्या यादवी युद्धावर बोल. शाळेच्या पुस्तकात हे युद्ध चार ओळींत संपतं. लिंकन नावाचा एक दाढीवाला देवमाणूस होता, त्याला गुलामांची कणव आली, त्यानं त्यांना मुक्त केलं. खाली प्रश्न : लिंकनचे थोरपण सांगा. गुण पाच.

हा धडा मला पटत नाही. का ते सांगतो.

१८६० च्या शिरगणतीत अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम मोजले गेले. गुलामांच्या यादीत बहुतेकांची नावंसुद्धा नाहीत. वर मालकाचं नाव, खाली वय, बाई की पुरुष, रंग. बस्. गुरं मोजावीत तशी माणसं मोजलेली. ही माणसं विकता येत होती, गहाण टाकता येत होती, बाप मेला की भावाभावांत वाटून घेता येत होती. दक्षिणेचा कापूस यांच्या हातांवर आणि इंग्लंडच्या गिरण्या त्या कापसावर.

नोव्हेंबर १८६० मध्ये लिंकन निवडून आला. नव्या मुलुखात गुलामी पसरू देणार नाही, एवढंच तो म्हणत होता. जिथं आहे तिथली काढतो, असं नव्हे. तेवढ्यानंच मालकांच्या पोटात गोळा उठला. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलिना फुटलं. मागोमाग दहा राज्यं. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्स्टन बंदरातल्या सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या.

काही विद्वान सांगतात, भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं. अहो, कसला हक्क? मिसिसिपीनं फुटताना जाहीरनामा काढला, त्यात आमचं सगळं गुलामीशी बांधलेलं आहे असं साफ लिहिलंय. फुटलेल्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स. त्यानं मार्च १८६१ मध्ये भर सभेत सांगितलं की काळा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हाच आमच्या राज्याच्या पायाचा दगड. मनूपेक्षा हा बरा. निदान लाजला नाही.

आता त्याच चार्ल्स्टनच्या धक्क्यावर चला. मला बोलायचंय ते तिथल्या एका पोराबद्दल.

रॉबर्ट स्मॉल्स. जन्म १८३९, गुलाम आईच्या पोटी. बाराव्या वर्षी मालकानं त्याला चार्ल्स्टनला भाड्यानं कामाला लावला. रस्त्यातले दिवे लावले, गोदीत माल उचलला, शिडं शिवली, दोरखंड ओढले. घाम याचा, मजुरी मालकाची. याच्या हातात आठवड्याला एक डॉलर. गोदीत राहून तो पाणी शिकला. कुठं खडक, कुठं उथळ, कुठल्या किल्ल्याला कुठली शिट्टी द्यायची. पुढं 'प्लँटर' नावाच्या आगबोटीचं सुकाणू त्याच्या हातात आलं. आगबोट दक्षिणेच्या फौजेची.

१३ मे १८६२ ची पहाट. बोटीवरचे तिन्ही गोरे अधिकारी रात्री घरी झोपायला गेलेले. स्मॉल्सनं बॉयलर पेटवला. दुसऱ्या धक्क्यावर लपलेल्या बायका-पोरांना बोटीत घेतलं. कप्तानाची गवती हॅट स्वतःच्या डोक्यावर चढवली, कप्तान उभा राहतो तसा उभा राहिला आणि एकेका किल्ल्याला बरोबर शिट्टी देत निघाला. सम्टरच्या तोफांखालून गेला. तोफा गप्प. उजाडता उजाडता त्यानं उत्तरेच्या आरमारासमोर पांढरी चादर फडकवली आणि बोट, तोफा, माणसं सगळं हवाली केलं. वय तेवीस. इथं बसलेल्या अर्ध्याअधिक पोरांचं वय.

मित्रांनो, तारीख बघा. मे १८६२. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला. म्हणजे सहीच्या आधी माणसं निघाली होती! वर्षभर आधी, मे १८६१ मध्ये, व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यावर तिघं गुलाम रात्रीतून पळून आले. मालकाचा माणूस मागायला आला. सेनापती बटलरनं द्यायला नकार दिला, म्हणाला, ही युद्धातली जप्त मालमत्ता. बघा, वाचवतानाही 'मालमत्ता'च. पण बातमी फुटली आणि माणसांची रीघ लागली. शेतं ओस पडायला लागली. दक्षिणेची कंबर तोफांनी मोडली तशी या चालत्या पायांनीही मोडली.

लिंकन खोटा होता असं मी म्हणत नाही. पण ऑगस्ट १८६२ मध्ये त्यानं स्वतः पत्रात लिहिलं की एकही गुलाम न सोडता देश एक राहत असेल तर तसं करीन. आणि जाहीरनाम्यानं मुक्त झाले ते फुटलेल्या मुलखातले. उत्तरेच्या बाजूनं राहिलेल्या चार गुलाम-राज्यांना तो लागूच नव्हता. वॉशिंग्टन शहरात एप्रिल १८६२ मध्ये गुलाम सोडले, तेव्हा डोक्यामागं तीनशे डॉलरपर्यंत भरपाई ठरली. कुणाला? मालकाला!

आणि आपल्या डाव्या मित्रांसाठी न्यूयॉर्कच्या गोदीची गोष्ट. जुलै १८६३. सक्तीची फौजभरती सुरू झाली. श्रीमंत पोरगा तीनशे डॉलर भरून सुटायचा, गरीब जायचा. गोरा कामगार पेटला. रास्त होतं. पण पेटून गेला कुठं? काळ्यांच्या अंगावर. काळ्या पोरांचा अनाथाश्रम जाळला. काळी माणसं दिव्याच्या खांबाला टांगली. त्यात माझ्यासारखे गोदी कामगारही होते. एकच धक्का, एकच घाम, तरी हे झालं. भाकरी एक झाली की माणूस आपोआप एक होतो, असं मला कुणी शिकवू नये.

फौजेत सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे लढले. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर, काळ्याला दहा, त्यातले तीन कपड्याचे कापून सात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनं तो पगार हातात घेतलाच नाही. गोळ्या खाल्ल्या, पण कमी दाम घेतला नाही. जून १८६४ मध्ये सरकार झुकलं. संप कसा करायचा ते यांच्याकडून शिकावं.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिण शरण आली. सहा लाखांहून जास्त माणसं मेली होती. डिसेंबरात घटनेची १३ वी दुरुस्ती झाली, गुलामी बंद. पण एक फट ठेवली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. लगेच बेकार फिरणं हाच गुन्हा ठरला. कालचा गुलाम आज कैदी, मळा तोच. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मननं चाळीस-चाळीस एकर जमीन द्यायचा हुकूम काढला होता. लिंकनचा खून झाल्यावर आलेल्या अध्यक्ष जॉन्सननं त्याच वर्षी ती बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. १८७७ मध्ये फौज मागं घेतली, आणि हळूहळू मतही गेलं.

स्मॉल्सनं जुन्या मालकाचं घर लिलावात घेतलं. १८७५ मध्ये तो अमेरिकेच्या संसदेत जाऊन बसला. १८९५ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या घटना परिषदेत काळ्यांचं मत काढून घेताना तो उभा राहून भांडला. मूठभर काळे होते, हरले. ते मत खऱ्या अर्थानं परत मिळायला १९६५ उजाडलं.

या युद्धाची झळ मुंबईलाही लागली, फक्त उलटी. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, तसा इथला कापूस सोन्याच्या भावानं गेला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि शेटजींचे शेअर कोसळले. प्रेमचंद रायचंदच्या देणगीतला राजाबाई टॉवर अजून उभा आहे. गासड्या वाहणाऱ्याचा पुतळा मला कुठं दिसलेला नाही. पण त्या युद्धातून खरी कमाई इथं एकाच माणसानं केली. जोतीबांनी. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, आणि इथल्या लोकांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा धरली. इथल्यांनी किती गिरवला ते तुमच्या वस्तीला विचारा.

तेव्हा पोरांनो, दोन गोष्टी गाठीला बांधा. कायद्याची सही लागते, सहीला थुंकू नका. पण आधी कुणीतरी बॉयलर पेटवावा लागतो. आणि सही झाली म्हणून घरी जाऊन झोपू नका. जमीन, शाळा, मत, मजुरी हातात येईपर्यंत मालक गेलेला नसतो, फक्त हॅट बदलून आलेला असतो.

जयभीम.