डोकेदुखी अंगावर काढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी आजाराविषयी बोलणार, याबद्दल क्षमा असावी. परंतु परिचारिका म्हणून जे पाहिले, ते तुमच्या कानावर घालणे अगत्याचे वाटते.

क्षय म्हटला की आपल्याला खोकला आठवतो. पण क्षयाचे जंतू रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतात. चाकणच्या कारखान्यातला एक तरुण आमच्याकडे आला होता. ३ आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, अन्नावरची वासना गेलेली. दुकानातून गोळी आणायची आणि पाळीवर जायचे! पुढे ओकाऱ्या सुरू झाल्या, मान ताठली, एकाचे दोन दिसू लागले. आणला तेव्हा तो ग्लानीत होता. पत्नी म्हणाली, "चिडचिड करायचे, विसरायचे. मला वाटले, कामाचा शीण."

डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासायचे म्हटले, तर आई अडून बसली, "पाठीत सुई टोचली की माणूस लुळा पडतो." भगिनींनो, ही समजूत खोटी आहे. मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली सुई घालतात. निदानाला ते पाणी फार मोलाचे असते. समजूत घालण्यात एक दिवस गेला. मुलगा वाचला, पण उजवा हात अधूच राहिला. शुद्ध हरपण्याआधी उपचार सुरू झाले, तर रोगी सुखरूप बरा होण्याची आशा पुष्कळ असते.

एके काळी हा रोग म्हणजे बहुधा मरणच. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि असे रोगी वाचू लागले. तेच औषध १९६२ पासून आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये तयार होऊ लागले, हे आपल्याला भूषणच. आता आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन धरून सुरुवातीला ४ औषधे देतात, पुढे त्यांतली काही कमी करतात. उपचार साधारण वर्षभर चालतात. आरंभी ६ ते ८ आठवडे सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइडही देतात. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधे मोफत मिळतात. बरे वाटले म्हणून ती मध्येच सोडू नयेत.

या रोगात रोग्याला स्वतःचे भान राहत नाही. त्याचा बदललेला स्वभाव आधी ध्यानात येतो तो घरच्या माणसांच्या. आपल्या शेजारच्या खोल्यांतून परगावची मुले एकटी राहतात. त्यांना घरचे कोण? तेव्हा ताप आणि डोकेदुखी आठवडा उलटूनही हटत नसेल, तर त्या मुलाला हाताला धरून रुग्णालयात न्या. एवढे केलेत, तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.