ऑलिव्हचे तेल आणि आपले अम्लपित्त

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने साहित्यावर बोलावे, इतिहासावर बोलावे, ही आपल्याकडील रीत आहे. मी मात्र पोटावर बोलण्यास उभा आहे. मी वैद्य नव्हे आणि रसायनशास्त्रज्ञही नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि जबलपूर, शिलाँग, जयपूर अशा बदल्यांच्या गावी फायली हातावेगळ्या करीत पन्नाशी ओलांडली. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की गेली बारा वर्षे मी अम्लपित्ताचा रुग्ण आहे, आणि या व्याधीच्या बाबतीत करता येण्याजोग्या बहुतेक सर्व चुका मी स्वतः करून पाहिल्या आहेत.

अम्लपित्त हा शब्द आपल्याला नवा नाही. ‘काश्यपसंहिता’ आणि ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथांत त्याचे वर्णन आहे. आंबट ढेकर, घशाशी येणारे पाणी, छातीत व कंठाशी होणारा दाह, ही लक्षणे आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक होती. आजच्या शास्त्राने त्यामागील यंत्रणा उलगडून दाखविली आहे. घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. ती जठराला मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते सैल व्हावे आणि घास खाली गेला की आवळले जावे, हा त्याचा नित्यधर्म. जठरातील तीव्र आम्ल सहन करण्यासाठी जठराला श्लेष्माचे अस्तर असते. अन्ननलिकेला तसे संरक्षण नसते. म्हणून हा द्वारपाल अवेळी सैल पडला आणि आम्ल वर चढले, की जळजळ होते. तेव्हा पुष्कळदा दोष आम्ल फार तयार होण्याचा नसतो. ते नको त्या जागी पोहोचण्याचा असतो. ही एक गोष्ट ध्यानी आली की पुढील सर्व पथ्याचा अर्थ लागतो.

हा द्वारपाल सैल कशाने पडतो? पोट तुडुंब भरल्याने, तंबाखू व मद्याने, काहींच्या बाबतीत चहा, कॉफी, चॉकलेट वा पुदिना यांनी. वाढलेल्या पोटाचा भार जठरावर पडून आम्ल वर ढकलले जाते. आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे स्निग्ध पदार्थ. तेलातुपाचे जेवण आतड्यात पोहोचले की शरीरात असे संप्रेरक स्रवते, जे जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि त्या कड्याची पकडही ढिली करते. पुरणपोळीवर तुपाची धार धरून दुपारी आडवे झालेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत जे भोगावे लागते, त्याचे कारण हे होय.

आता ऑलिव्हच्या तेलाकडे वळू. उत्तर हिंदुस्थानात याला जैतूनचे तेल म्हणतात. आपल्यापैकी जे राजस्थानात नोकरी करून आले आहेत त्यांना ते अगदीच परके वाटणार नाही. कारण तेथील राज्य शासनाने २००७ साली इस्रायली तंत्रज्ञांच्या साहाय्याने ऑलिव्हच्या लागवडीचा उपक्रम हाती घेतला आणि २०१४ साली बीकानेर जिल्ह्यातील लूणकरणसर येथे तेल काढण्याचा कारखानाही सुरू झाला. माझ्या घरी मात्र हे तेल परदेशाहून आले. भाच्याने येताना एक सुबक बाटली आणली आणि सांगितले, “मामा, रोज सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे घ्या. अन्ननलिकेला अस्तर बसते. पित्ताचे नाव राहणार नाही.”

मी शासकीय शिस्तीने तीन महिने हा आदेश पाळला. पहिले काही दिवस गुण आल्यासारखे वाटले. पुढे रात्रीची जळजळ वाढली आणि वजनही अडीच किलोंनी वाढले. अखेरीस पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शांतपणे विचारले, “हे तेल कशाच्या ऐवजी घेता?” मी म्हणालो, “ऐवजी नव्हे, वरून.” ते हसले आणि म्हणाले, “मग ते औषध कसले? ती जादा फोडणी झाली!”

या एका प्रश्नात या विषयाचे सार आले आहे. ऑलिव्हचे तेल हे तेलच आहे. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १४ ग्रॅममध्ये, १२० कॅलरी असतात. शेंगदाण्याच्या वा करडईच्या तेलात असतात तेवढ्याच. मी रोज २४० कॅलरी वरकड घेत होतो. तेलाने अन्ननलिकेला टिकाऊ अस्तर बसते ही समजूत निराधार आहे. अधिक तेलाने जठर मंदावते हे मात्र खरे आहे.

तर मग या तेलाची ख्याती खोटी म्हणावी काय? तसेही नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ साली सात देशांतील पुरुषांचा जो प्रदीर्घ अभ्यास आरंभिला, त्यात ग्रीसमधील क्रीट बेटावरील लोक ऑलिव्हचे तेल भरपूर खात असूनही त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू फार कमी आढळले. पण तो निष्कर्ष हृदयासंबंधीचा होता, अम्लपित्तासंबंधीचा नव्हता. आणि ती माणसे कष्टकरी होती, डाळी, भाज्या, फळे व जाडेभरडे धान्य खाणारी होती. पुढे २०१७ साली न्यूयॉर्क येथील डॉक्टरांनी घशापर्यंत आम्ल येणाऱ्या रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या. काही रुग्णांना आम्ल कमी करणारी औषधे दिली गेली होती, तर काहींना भूमध्यसागरी धर्तीचा, बहुतांशी वनस्पतिजन्य आहार आणि अल्कधर्मी पाणी. सहा आठवड्यांनंतर आहार पाळणाऱ्यांना मिळालेला आराम औषधे घेणाऱ्यांहून कमी नव्हता. हा अभ्यास लहान होता आणि मागील नोंदींवर आधारलेला होता. शिवाय त्याचे श्रेय संपूर्ण ताटाचे आहे, त्यातील एका तेलाचे नव्हे.

म्हणून माझे निवेदन असे की, तेल वाढवू नका. तेल बदला, आणि बदलताना कमी करा. आमच्या चौघांच्या घरात पूर्वी महिन्याला पाच लिटर तेल लागे. आज दोन लिटरांत भागते, आणि त्यातील अर्धा लिटर ऑलिव्हचे असते. भाकरीबरोबरच्या जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीवर, काकडीच्या कोशिंबिरीवर, उकडलेल्या भाजीवर ते चमचाभर कच्चे घालतो. एक सावधगिरी सांगतो. परदेशी पाककृतींत या तेलाबरोबर व्हिनेगर, लिंबू, टोमॅटो, कच्चा कांदा व लसूण यांची संगत असते. अम्लपित्ताच्या पुष्कळ रुग्णांना हीच संगत बाधते, आणि दोष मात्र तेलाला दिला जातो.

भगिनींच्या मनातील प्रश्न मी ओळखून आहे: याची फोडणी चालते का? चालते. उत्तम प्रतीचे, ज्यावर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ असे लिहिलेले असते ते तेल साधारणपणे १९० ते २१० अंश सेल्सियसला धुरावते. घरगुती परतण्यास व बेताच्या आचेवरील फोडणीस हे पुरेसे आहे. पुऱ्या तळण्यास हे तेल वापरणे हा पैशांचा अपव्यय होय. आणि अम्लपित्तात तळणेच वर्ज्य, मग तेल कोणतेही असो. बाटली घेताना ‘लाइट’ या शब्दाने फसू नये. तो रंग आणि चव यांच्या सौम्यपणाविषयी असतो, कॅलरी त्यात तितक्याच असतात. ‘पोमेस’ म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून द्रावकाने काढून शुद्ध केलेले तेल. गडद काचेची लहान बाटली घ्यावी आणि शेगडीपासून दूर, अंधारात ठेवावी; उष्णता व उजेड यांनी हे तेल खवट होते.

ज्यांना हे तेल परवडत नाही त्यांनी मुळीच खंत करू नये. ऑलिव्हच्या तेलातील प्रमुख घटक ओलेइक आम्ल. आपल्या शेंगदाण्याच्या तेलातही ते साधारणपणे निम्म्याच्या आसपास असते. मी सोलापूरकडचा. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक आणि मोजके तेल, हे आमच्या आजीचे ताट त्या क्रीटच्या ताटापासून फार दूर नव्हते. बदल्यांच्या गावी आपण ते ताट सोडले आणि कचोरी, समोसा, रात्री उशिराचे मेजवानीचे जेवण तेवढे उचलले. उपवासाच्या दिवशी तर ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’! सकाळभर रिकाम्या पोटी चहा आणि दुपारी तुपात परतलेली, दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, यावर कोणते तेल उतारा देणार?

आहाराइतकेच महत्त्व वेळेला आणि अंगस्थितीला आहे. झोपण्यापूर्वी तीन तास जेवण आटोपावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे द्यावेत; नुसत्या उशा रचल्याने कंबर वाकून पोट अधिक दाबले जाते. डाव्या कुशीवर झोपावे, कारण त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या मुखाखाली राहते. वजन उतरवावे. अमेरिकेतील सुमारे ४३,००० परिचारिकांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेताचे वजन, धूम्रपान न करणे, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी व शीतपेये मिळून दोन पेल्यांची मर्यादा आणि समतोल आहार या पाच सवयी पाळल्यास अम्लपित्ताची लक्षणे सुमारे ३७ टक्क्यांनी टळू शकतील, असा अंदाज निघाला. या पाचांत कोणत्याही एका तेलाचे नाव नाही.

आता ज्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले ती गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी रात्री साडेअकरा वाजता सोलापुराहून माझ्या थोरल्या बंधूंचा दूरध्वनी आला. “छातीत जळजळतंय रे, घाम सुटलाय.” मी घरचा पित्ततज्ज्ञ! म्हणालो, “दादा, पित्त झालं असेल. सोडा घ्या आणि उशी उंच करून पडा.” त्यांनी माझा शब्द मानला. पहाटे शेजाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात नेले तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन पाच तास उलटले होते. दादा वाचले, ही ईश्वरी कृपा. परंतु हृदयाच्या स्नायूचा जो भाग त्या पाच तासांत निकामी झाला तो परत आला नाही. पूर्वी पहाटे तीन मैल चालणारे दादा आज जिन्याच्या मध्यावर थांबतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. तो मी स्वतःला लावतो.

आपण सर्व घरापासून दूर राहणारी माणसे. आईवडील तिकडे, आपण इकडे. निम्मा संसार आपण दूरध्वनीवर चालवितो आणि मायेपोटी उपचारही सांगतो. म्हणून कळकळीने सांगतो, छातीतील जळजळ वा दडपण यांसोबत घाम, धाप, डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे जाणारी कळ असेल, तर ते पित्त आहे की नाही हे ठरविण्याचे काम आपले नव्हे. तेव्हा सोडा नको, तेल नको, तत्काळ रुग्णालय. मधुमेही आणि वयस्क माणसांत ही लक्षणे पुसटही असू शकतात. त्याचप्रमाणे घास अडकणे, अकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळे शौच, ही लक्षणे असतील तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी दिलेली औषधे कोणत्याही तेलाच्या भरवशावर परस्पर बंद करू नयेत. आणि खाण्याच्या सोड्यात सोडियम असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये.

शेवटी एक सूचना मांडून आपली रजा घेतो. पन्नास वर्षांत आपल्या मंडळाने नाट्यप्रयोग, गणेशोत्सव, वाचनालय, सर्व काही नेटाने केले. परंतु आपल्या कार्यक्रमांचे जेवण रात्री साडेदहाच्या आत कधी सुरू झाल्याचे मला स्मरत नाही! यापुढे पंगत आधी आणि कार्यक्रम नंतर, असा ठराव कार्यकारिणीने करावा. सुवर्णमहोत्सव पाहणारे आपण सर्वजण अमृतमहोत्सवालाही याच सभागृहात असावेत, असे मनापासून वाटते. त्यासाठी महागड्या बाटलीपेक्षा आठ वाजताची पंगत अधिक उपयोगी पडेल.