घरातली बंदूक
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागलात. एस. टी.ची पाटी वाचता, सातबारा वाचता. आज मी तुम्हांला आणखी एक कागद वाचायला सांगणार आहे. तो म्हणजे बंदुकीचा परवाना.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्याकडे कुठली बंदूक? बरोबर आहे. पुष्कळांकडे नाही. पण डोंगराकडेच्या गावांत रानडुकरे भात आणि नाचणी नासतात. म्हणून काही घरांत ठासणीची बंदूक असते. आणि आता पनवेलच्या आसपास जमिनींना भाव आला. पैसा आला. त्यामुळे कुणाकुणाला वाटते, कमरेला एक पिस्तूल असावे. म्हणून हा विषय.

आधी थोडा इतिहास. आपल्या पनवेल तालुक्यातले शिरढोण तुम्हांला ठाऊक आहे. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तिथे १८४५ साली झाला. इंग्रज सरकारने १८७८ साली हत्यारांचा कायदा केला. आपल्या माणसाला बंदूक ठेवायला परवाना लागे. युरोपियनाला मात्र सूट. दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंतांनी बंड केले. ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनला कैदेत वारले. तो कायदा रयतेच्या हातातले हत्यार काढून घेण्यासाठी होता.

स्वराज्य आल्यावर १९५९ साली आपण आपला कायदा केला. तो १९६२ साली लागू झाला. त्यात गोरा-काळा हा भेद नाही. नियम सर्वांना सारखा. अमेरिकेत बंदूक बाळगणे हा लोकांचा हक्क आहे. १७९१ पासून तो त्यांच्या घटनेत लिहिलेला आहे. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे बंदूक म्हणजे सरकारने दिलेली परवानगी. ही गोष्ट मनात पक्की धरा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

परवाना कुणाला मिळतो? वय २१ पूर्ण हवे. कारण खरे हवे. पोलीस चौकशी करतात. पनवेल शहर नवी मुंबई पोलीस आयुक्तांच्या हद्दीत आहे, म्हणून इथला अर्ज त्यांच्याकडे जातो. जिथे पोलीस आयुक्त नाहीत, तिथे तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. परवाना नाकारला, तर कारण लेखी मागा. अपीलही करता येते.

परवाना किती दिवस चालतो? २०१९ साली कायदा बदलला, तेव्हापासून पाच वर्षे. मुदत संपण्याआधी नवा करून घ्यावा लागतो. आणि एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत.

परवाना असला की रानडुक्कर मारता येते का? नाही! बंदुकीचा परवाना वेगळा, शिकारीची परवानगी वेगळी. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. आधी वनखात्याला विचारा. कर्नाळा अभयारण्यात तर परवानगीशिवाय हत्यार नेणेसुद्धा गुन्हा आहे.

पिस्तूल कमरेला लावून बाजारात जावे का? परवाना असला तरी ते खोळीत पूर्ण झाकलेले हवे आणि तुमच्या ताब्यात हवे. चारचौघांत काढून मिरवायचे नाही. हळदीला, वरातीला बार काढणारे शूर असतात ना? त्यांनी ऐकून ठेवा. लोकांच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि बिनपरवाना बंदूक सापडली तर? कमीत कमी दोन वर्षे कैद, पाचपर्यंत जाऊ शकते. वर दंड वेगळा.

मग कोयता, विळा, कुऱ्हाड? घाबरू नका. घरकामाची आणि शेतीची अवजारे म्हणजे हत्यार नव्हे. आजोबांची काठीही नव्हे.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो.

माझे थोरले मामा शेतकरी. त्यांच्याकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. परवाना पत्र्याच्या पेटीत असे. मामांना अक्षर येत नव्हते. मुदत केव्हा संपली हे त्यांना कळलेच नाही. मी दर दिवाळीला त्यांच्याकडे जेवायला जाई. मी शाळेचा हेडमास्तर. दुसऱ्यांच्या मुलांना तारीख वाचायला शिकवणारा. पण ‘मामा, तो कागद दाखवा बघू,’ असे मी एकदाही म्हटले नाही.

पुढे मामा वारले. बंदूक माळ्यावर राहिली. जुनी आहे, गंजली आहे, काय होणार, असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो. एका मे महिन्यात त्यांचा बारा वर्षांचा नातू माळ्यावर चढला. नळीत जुना बार तसाच होता. घोडा ओढला आणि बार उडाला. पोर वाचले. पण डाव्या हाताची दोन बोटे गेली.

आज तो मोठा झाला आहे. मला वाकून नमस्कार करतो. तेव्हा माझी नजर त्या हाताकडे जाते.

आम्ही काय करायला हवे होते? फार सोपे होते. परवानेवाला माणूस वारला, की त्याची बंदूक उगीच उशीर न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानेदार दुकानदाराकडे जमा करायची. पावती घ्यायची. वारसाला ती हवी असेल, तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागायचा. बापाचा परवाना मुलाला चालत नाही. शेत वारशाने येते, परवाना येत नाही.

आयाबायांनो, हे तुम्हांलाही सांगणे आहे. माळा तुम्ही झाडता, पेटी तुम्ही उघडता. बंदूक दिसली तर तिला हात लावू नका, पोरांना लावू देऊ नका. घरच्या माणसाला कागद विचारा. ‘तुला काय कळतंय?’ असे तो म्हणेल. तेव्हा त्याला सांगा, मला वाचता येतं.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. परवाना असेल तर काढा. त्यावर नाव कुणाचे, ते वाचा. मुदत केव्हापर्यंत, ते वाचा. नाव गेलेल्या माणसाचे असेल, किंवा तारीख उलटली असेल, तर उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जा. एकट्याला भीती वाटत असेल तर मला हाक मारा. मी बरोबर येईन. मामांच्या वेळी गेलो नाही, तुमच्याबरोबर नक्की येईन.

जय हिंद.